भरल्या डावावरून

ड्युलुथ, मिनेसोटा
१७ जानेवारी २००६, मंगळवार

रॉल्फ,

'प्रिय' लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. विसरलेले नाही. मुद्दाम गाळलं आहे.

फोन तू उचलत नाहीस. काल तीनदा केला. तिसऱ्या वेळी तुझ्या निरोप घेणाऱ्या यंत्रावर मी जे बोलले ते तिकडे ॲरिझोनात तुझ्या शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असेल. म्हणून आता कागद. कागदाचं एक बरं असतं, बोलणं पुरं व्हायच्या आत समोरचा उठून गेला तरी लिहिणाऱ्याला ते दिसत नाही.

तू म्हणशील, मी त्याच टेबलावर होतो, मला काय सांगतेस. तरी सांगणार आहे. परवाचा रविवार तू आपल्या डोक्यात कसा रंगवून ठेवला असशील याचा मला भरवसा नाही.

बाबांनी तो खोका अकरा वर्षं गल्ल्यामागच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवला. 'आयर्नमार्श' या पत्त्यांच्या खेळाची पहिली आवृत्ती, छत्तीस पाकिटं, एकालाही नख लागलेलं नाही. गिऱ्हाइकं विचारून विचारून थकली. नोव्हेंबरात बाबा गेले आणि वकिलाकडून ती चिठ्ठी निघाली. मारित, रॉल्फ आणि गुरुवारच्या खेळाचे जुने भिडू डेल आणि लोरेन यांनी खोका फोडावा, प्रत्येकी सहा पाकिटं घेऊन चौघांचा एकच डाव मांडावा, आणि शेवटी जो उरेल त्याने दुकान चालवावं. वकिलाने चिठ्ठी दोनदा वाचली आणि चष्मा पुसला. म्हणाला, कायद्याने हे तुमच्यावर बंधनकारक नाही. आपण सगळे त्याच्यासमोरच तारीख ठरवायला लागलो. दुसऱ्या कुठल्या घरात हे झालं असतं? आपल्याला मात्र त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

मला तर मुळीच नाही. त्या टेबलावर माझ्याइतकं चांगलं कोणी खेळत नाही, आणि बाबांना ते माहीत होतं. एकोणीस वर्षं मी त्या गल्ल्यामागे उभी राहिले, रॉल्फ. तू विसाव्या वर्षी ऊन शोधत निघून गेलास आणि लोकांच्या घरातले एसी दुरुस्त करत बसलास. दुकान मला मिळावं अशीच त्यांची इच्छा होती. फक्त ते जिंकून मिळावं अशी होती.

तर रविवार. बाहेर उणे बावीस, आत लोरेनबाईच्या लिंबाच्या वड्या. रिवाजाप्रमाणे आपण आपापली पाकिटं फोडली, पान न् पान यादीत उतरवलं आणि सगळा ढीग यादीसकट डावीकडच्याच्या हवाली केला. आपण फोडलेलं आपण खेळायचं नाही, म्हणजे घरून खिशात आणलेलं पान कोणाला घुसडता येत नाही. माझी पानं तुझ्याकडे, तुझी लोरेनकडे, लोरेनची डेलकडे, डेलची माझ्याकडे. मग ज्याने त्याने चाळीस पानांचा कॅट बांधला.

लोरेन पहिली बाद झाली. सत्तरी उलटली तरी तिला सगळ्यांशी एकदम भांडायचं असतं. उरलो तिघं. माझे चार प्राण, तुझे तीन, डेलचे नऊ. पाळी माझी. तुझ्यापुढे ते पांढरं अस्वल, बळ नऊ. मी 'फितुरी' टाकलं आणि तुझं अस्वल माझं झालं. डेलचे राखणदार सगळे दमून आडवे पडले होते. नऊ प्राण, नऊ बळ. मी अस्वलासकट माझं होतं नव्हतं ते सगळं त्याच्यावर सोडलं. डेल संपला होता. तुझ्यापुढे काहीच उरलं नव्हतं, तू एका पाळीचा पाहुणा होतास. दुकानाच्या किल्ल्या टेबलाच्या मधोमध होत्या आणि माझा हात त्यांच्यापासून वीतभर लांब होता.

आणि तू काय केलंस? ‘फितुरी’कडे बघत राहिलास, मग माझ्याकडे. हातातली पानं पालथी ठेवलीस आणि म्हणालास, "मी उठतो."

उठणाऱ्याची पानं त्याच्याबरोबर उठतात, मग ती कोणाच्याही ताब्यात असोत. अस्वल गेलं. उरलेल्या चिल्लर सैन्याने डेलचे दोन प्राण कसेबसे कमी केले. माझ्याकडे राखायला कोणी उरलं नव्हतं, पुढची पाळी डेलची, आणि त्या बिचाऱ्याने माफी मागत मागत मला मारलं. तू तोवर कोट चढवत होतास.

भरल्या ताटावरून उठणारी माणसं मी पाहिली आहेत. भरल्या डावावरून उठणारा तू पहिलाच. तुला जिंकता येत नव्हतं, ठीक. पण मीही जिंकू नये एवढ्यासाठी तू बाबांचं दुकान शाळेची बस चालवणाऱ्या माणसाच्या घशात घातलंस. सख्ख्या बहिणीच्या हातातोंडाशी आलेला घास काढलास.

आणखी एक. तुझ्याकडच्या पानांची यादी तू कोटाच्या खिशात घालून नेलीस. बाकीच्या तीन याद्या बिस्किटांच्या डब्यात आहेत. ती यादी दुकानाची आहे. उलट टपाली पाठव. चाळत बसू नकोस, नुसती पाठव.

मारित


२९ जानेवारी, रविवार

रॉल्फ,

बारा दिवस झाले. उत्तर नाही, यादी नाही.

डेलने गालिचा काढला. बाबांचा हिरवा गालिचा. म्हणतो, वास यायचा. वास यायचाच, तीस वर्षांच्या ओल्या बुटांचा होता तो. आता खाली लाकूड आहे आणि पान पडलं तरी आवाज होतो. खिडकीशी कॉफीचं यंत्र आलंय, ते डावाच्या ऐन मोक्याला घुरघुरतं. लांब टेबल भिंतीपासून दोन हात पुढे सरकवलंय, का तर चहूकडून फिरता यावं. मी गुरुवारी जाऊन हे सगळं पाहिलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी बसले. दोन डाव जिंकले.

खेळ संपल्यावर डेलला भिंतीवरच्या पाटीपाशी नेलं. बाबांच्या हातचे पाच नियम आहेत त्यावर, पाचही मला पाठ आहेत. तिसरा तू वाचला असशीलच. 'उठायचं तर आपल्या पाळीला उठावं.' कशासाठी लिहिलाय तो? तुझ्यासारख्यांसाठीच. मी म्हटलं, डेल, हा डाव रद्द होतो. रॉल्फ माझ्या पाळीत उठला.

डेलने टोपी मागे सारली, पुष्कळ वेळ पाटी वाचली. "तो गुरुवारच्या खेळाचा नियम आहे, मारित. सीलबंद डावाला तुझे बाबा छापील पुस्तकच धरायचे. पुस्तकात माणूस केव्हाही उठू शकतो."

"आणि तुला हे बरोबर वाटतं?"

"बरोबर नाही वाटत. पण नियमात आहे." मग म्हणाला, मला हे दुकान एकट्याने झेपायचं नाही, तू शनिवारपासून ये.

मी माझ्या बापाच्या दुकानात नोकरी करू? असं मी विचारलं. तो म्हणाला, नोकरी म्हणालो नाही, ये म्हणालो. हा माणूस असाच आहे. त्याच्यावर धड रागावताही येत नाही, म्हणून त्याच्या वाटणीचा रागही तुझ्याच खात्यात येतो.

मला एवढंच सांग. मी तुझं काय वाकडं केलं होतं? बाबांच्या शेवटच्या महिन्यात मी एकटीने इस्पितळाच्या खेपा घातल्या, ते तुला बोलून दाखवलं म्हणून? अंत्यविधीला तू उन्हाळी बूट घालून आलास, त्यावर चारचौघांत बोलले म्हणून? त्याचा हा सूड?

काही असेल ते लिही. नाही तर यादी तरी पाठव. ती एक नसल्यामुळे डब्यातला हिशेब अपुरा राहतो आणि डेल ते नोंदवून ठेवायच्या गोष्टी करतो. त्याला अशा गोष्टींचा नाद आहे.

मारित


२० फेब्रुवारी, सोमवार

रॉल्फ,

तळं पार ब्रिजपर्यंत गोठलंय. तुला त्याचं काय.

तू लहानपणापासून असाच. काही झालं की तोंडाला कुलूप. बाबांच्या काचेच्या कपाटातलं ते पितळी इंजिन मोडलं होतं आठवतं? तू आठ वर्षांचा होतास, मी बारा. बाबांनी विचारलं, कोणी पाडलं? तू जमिनीकडे बघत उभा. हो नाही, काही नाही. महिनाभर दुकानात यायची बंदी झाली तुला. तू रोज शाळा सुटल्यावर समोरच्या पायरीवर बसून काचेतून आत बघायचास. तेव्हाही मला वाटायचं, या मुलाला बोलायला काय होतं? तोंड उघडलं असतंस तर त्या दिवशीच सगळं मिटलं असतं.

परवा लोरेनबाई आली होती. चाळीस वर्षं टपाल वाटलं तिने, अजून कोणाच्या दाराशी पाकीट दिसलं की आधी तिकीट बघते. मी तिला म्हटलं, दोन पत्रं लिहिली, एकालाही उत्तर नाही, आणि म्हणे माझा भाऊ.

तिने विचारलं, "प्रश्न काय विचारलास त्याला?"

मी म्हटलं, पुष्कळ विचारले.

"ज्याचं उत्तर तुला ठाऊक नाही असा एखादा?"

मी तिला आणखी एक वडी दिली आणि विषय बदलला. ही बाई दुसऱ्यांची पत्रं उघडल्याशिवाय वाचायची, असा माझा जुना संशय आहे.

एक गोष्ट मात्र तुझ्या डोक्यात असेल तर काढून टाक. 'फितुरी' माझ्याकडे आलं ते सरळ आलं. डेलने फोडलेल्या पाकिटांतून. त्या आवृत्तीत ते पान फार विरळ, अख्ख्या खोक्यात एखादंच असेल असं बाबा म्हणायचे, आणि ते नेमकं माझ्या वाट्याला यावं यात कोणाला काही खुपण्याचं कारण नाही. त्यांनी मला त्याच पानावर खेळ शिकवला. त्यांचं स्वतःचं होतं ते, कडा झिजून गेलेल्या, नंतर कुठे हरवलं. म्हणायचे, मारित, समोरच्याचं सगळ्यात मोठं जनावर आपल्या बाजूला वळवायचं आणि मग त्याच्याकडे बघायचं सुद्धा नाही. मी रविवारी तसंच केलं. तुझ्याकडे बघितलं नाही.

हे सगळं तुला सांगायची गरज नव्हती. तू विचारलंही नाहीस. पण विचारलं असतंस तर हेच सांगितलं असतं.

यादी पाठव.

मारित


९ मार्च, गुरुवार

रॉल्फ,

तुझं पाकीट आलं. चिठ्ठी नाही, दोन शब्द नाहीत, नुसती यादी. माझ्याच अक्षरातली. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीची बारीक खूण.

म्हणजे तू मोजलीस. टेबलावर बसल्या बसल्या, आम्ही तिघं कॅट बांधत होतो तेव्हा तू सख्ख्या बहिणीची यादी मोजत होतास. शोभतं का हे?

बरं, मोजलीस. मीही मोजली, दोनदा. एकोणनव्वद. खाली मी 'एकूण नव्वद' लिहिलंय. मग? तुला काय वाटतं, त्या काळातलं प्रत्येक पाकीट बरोबर पंधरा पानांचं असायचं? छापखान्यात चुका होत नव्हत्या? लोरेनला एकदा चौदा पानांचं पाकीट निघालं होतं, तिने कंपनीला पत्र लिहिलं तर त्यांनी दोन पाकिटं फुकट पाठवली. सगळ्या दुकानाला माहीत आहे. मी हाताच्या सवयीने नव्वद लिहिलं. सहा पाकिटं म्हणजे नव्वद, कोणीही न मोजता लिहील.

आणि तुला एक पान कमी आहे असं दिसलं तर तेव्हाच बोलायचं होतं. पानांची यादी करतात ती कशासाठी? ते नाही. तू शहाण्यासारखा गप्प बसलास, यादी खिशात घातलीस, दोन हजार मैलांवर नेलीस, आणि आता खुणा करून परत पाठवतोस. साळसूद. नाकाने कांदे सोलायची तुझी ही तऱ्हा मला चांगली ठाऊक आहे.

आज गुरुवार आहे. मी दुकानात जाणार नाही. डोकं दुखतंय.

मारित


१६ मार्च, गुरुवार, दुपार

रॉल्फ,

तुझी यादी डब्यात ठेवायला म्हणून काल गेले. डेल शाळेच्या मुलांना सोडायला गेला होता. लोरेन खिडकीत बसून कॉफी पीत होती. मी बिस्किटांचा डबा काढला. वर डेलची यादी होती, म्हणजे त्याने लिहिलेली, माझ्या पानांची. दोन महिने तो डबा फळीवर उघडा पडून आहे. कोणीही उघडून बघू शकलं असतं.

डेलचं अक्षर बसच्या वेळापत्रकासारखं आहे. नव्वद ओळी, नव्वद आकडे. प्रत्येक पाकिटात चंदेरी तारा असलेलं एक पान असतं, म्हणून सहा ओळींपुढे त्याने सहा तारे काढलेत. त्या सहांत 'फितुरी' नाही.

तुझ्या यादीत तारे पाच.

हे मला काल कळलं असं लिहायचा विचार होता. अर्ध्या कागदापर्यंत लिहिलंही, मग फाडलं. मला ते पंधरा जानेवारीला दुपारी दीडच्या सुमाराला कळलं होतं. माझ्या चौथ्या पाकिटात ते निघालं. तू डावीकडे बसून आपली पाकिटं फोडत होतास आणि लोरेनशी काहीतरी बोलून हसत होतास. कोऱ्या कडा, रॉल्फ. बाबांच्या पानाला कडाच नव्हत्या उरल्या. माझ्या मनात आलं, हे आता मी लिहून याच्या हवाली करणार, आणि सोमवारी हे ॲरिझोनाला जाणार, कुठल्यातरी खणात, स्क्रू-ड्रायव्हरांच्या शेजारी. मी ते वड्यांच्या ताटलीखाली सरकवलं. तेव्हा माझ्या मनात खेळायचं नव्हतं, हे खरं आहे, विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस. नुसतं ठेवून घ्यायचं होतं. मग डेलची पानं हातात आली, सगळी रद्दी. आणि कॅट बांधताना माझा हात ताटलीखाली गेला.

तुला एक पान कमी दिसलं तेव्हा तू छापखान्याची चूक समजला असशील. तुझ्या स्वभावाप्रमाणे तू तसंच समजलास, एवढं तरी मी तुला ओळखते. मग मी 'फितुरी' टाकलं. तेव्हा तू त्या पानाकडे बघितलंस, आणि माझ्याकडे.

तुला तिथेच बोलता आलं असतं. यादी समोर होती. पाटीवरचा पाचवा नियम होता, 'पान लपवणाऱ्याला एक वर्ष टेबल बंद.' बाबांच्या दुकानात, बाबांच्या डावात, डेल आणि लोरेनच्या समोर. तू ते केलं नाहीस, आणि मला जिंकूही दिलं नाहीस. पानं पालथी ठेवलीस, पुरावा खिशात घातलास आणि सगळ्या गावाची बोलणी आपल्या डोक्यावर घेऊन विमानात बसलास. दोन महिने मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे की माझा भाऊ खुनशी आहे. मासेवाल्याला सुद्धा सांगितलं.

आता ऐक. मला अजूनही तुझा राग आहे. आधीपेक्षा जास्त आहे. तुला कोणी सांगितलं होतं मला झाकायला? मी काय बारा वर्षांची आहे? माझ्या कानाशी वाकून 'मारित, ते पान परत ठेव' एवढं तुला म्हणता आलं नसतं? मी ठेवलं असतं. नसतं ठेवलं कदाचित. पण तू विचारायला हवं होतंस. तू दर वेळी गप्प राहून मला मोकळं सोडतोस, आणि मग मला ते ओझं घेऊन फिरावं लागतं, आणि मी ते तुझ्यावरच फेकते.

इंजिन माझ्या हातून पडलं होतं. तुला माहीत होतं, तू दारात उभा होतास. बत्तीस वर्षांत आपण त्यावर एक शब्द बोललो नाही. तू पायरीवर बसायचास तेव्हा मी आतून काच पुसायचं नाटक करायचे, तुझ्याकडे बघायला लागू नये म्हणून.

हे पत्र मी पाठवणार की नाही माहीत नाही. लोरेनला सांगितलं तर ती येऊन घेऊन जाईल, म्हणून तिला सांगणार नाही.

आज संध्याकाळी खेळ आहे. जाणार नाही. कसं जाऊ?


२४ मार्च, शुक्रवार

प्रिय रॉल्फ,

आधीचं पत्र याच पाकिटात आहे. तारखेप्रमाणे वाच.

काल गेले. गुरुवार, टेबल भरलेलं, अकरा जण. मी कोट काढलाच नाही. डेल फळ्यावर कोण कोणाशी खेळणार त्या जोड्या लावत होता. त्याला म्हटलं, मला काही सांगायचंय, आणि ते सगळ्यांसमोर. आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. कॉफीचं यंत्र नेमकं तेव्हाच घुरघुरायला लागलं, त्यामुळे ते थांबेपर्यंत तशीच उभी राहिले. आयुष्यात इतकी मूर्ख मी कधी दिसले नसेन.

मग सांगितलं. ताटली, चौथं पाकीट, तुझी यादी, सगळं. तू का उठलास तेही सांगितलं. लोरेन माझ्याकडे न बघता पानं पिसत राहिली. तिला आधीपासून अंदाज होता असं आता मला वाटतं, आणि त्याचाही मला राग आहे.

डेलने यादी मागितली. मी पेन काढलं आणि त्याच्यासमोर नव्वदाव्या ओळीवर 'फितुरी' लिहिलं, पुढे तारा काढला. त्याने ती डब्यात ठेवली, झाकण लावलं. मग पाटीपाशी गेला आणि पाचवा नियम वाचला, मोठ्याने नाही, नेहमीच्या आवाजात. वाचून गुरुवारच्या फळ्यावरून माझ्या नावाची पट्टी काढली. दुकानाचं काय, असं विचारायला मी गेले नव्हते आणि विचारलंही नाही. तो डाव त्याने सरळ जिंकला आहे.

मी दाराशी पोचले तेव्हा तो म्हणाला, "शनिवारी दहाला दुकान उघडायचं असतं. तुला माहीतच आहे कसं."

मी म्हटलं, मला बंदी आहे ना?

"टेबलाला बंदी आहे. टेबलाला हात लावायचा नाही. गल्ल्यामागे उभं राहायला पाटीत काही मनाई नाही, मी दोनदा वाचलं."

तर उद्यापासून जाते आहे. वर्षभर दुसऱ्यांना पाकिटं विकायची, आणि ते माझ्यासमोर दोन हातांवर चुकीचं खेळत असताना तोंड बंद ठेवायचं. तुला मजा वाटत असेल. वाटू दे. मासेवाल्यालाही सांगून आले. त्याला काहीच आठवत नव्हतं, त्यामुळे आधी सगळं पुन्हा सांगावं लागलं.

सोबत पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत 'फितुरी' आहे. ते तुझं आहे. खणात ठेव, स्क्रू-ड्रायव्हरांजवळ ठेव, मी काही म्हणणार नाही.

आणखी एक, यादीच्या मागणीच्या जागी. वरच्या फळीवर खोका अजून आहे. छत्तीसातली चोवीस आपण फोडली, बारा उरली. दोघांपुरती. डेल म्हणतो, ती तुम्हा भावंडांची, मी हात लावणार नाही.

पुढच्या वर्षी मार्चच्या शेवटच्या गुरुवारी माझं टेबल उघडतं. तू ये. धड बूट घालून ये. रिवाजाप्रमाणे तुझी सहा मी फोडेन, माझी सहा तू फोड. मी लिहिलेली यादी तुझ्या हातात देईन तेव्हा खेळायची घाई करू नकोस. आधी पानं मोज, आणि या वेळी मनात नको, टेबलावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोज.

तुझी बहीण,
मारित